आजोबांची भीती, नातवाचा फ्लॅट

नात्यातल्या एका काकांचा कर्वेनगरात टू बीएचके आहे. मुलगा नोकरीसाठी परदेशी गेला, काका-काकू जुन्या घरातच राहिले आणि हा फ्लॅट सात वर्षं बंद राहिला. दर रविवारी सकाळी काका तिथे जायचे. खिडक्या उघडायच्या, सगळे नळ पाच-पाच मिनिटं सोडायचे म्हणजे तांबूस पाणी निघून जातं, बाथरूमच्या जाळीत तांब्याभर पाणी ओतायचं म्हणजे ड्रेनेजचा वास वर येत नाही. मग पुन्हा खिडक्या लावून कुलूप. सोसायटीचा मेंटेनन्स आणि महापालिकेचा कर मात्र वेळच्या वेळी. ‘भाड्याने का देत नाही?’ असं कुणी विचारलं की उत्तर ठरलेलं : ‘एकदा आत शिरला की बाहेर निघत नाही, बाबा. वाड्यात बघितलंय मी.’

वाडा म्हणजे त्यांच्या वडिलांचा, सदाशिव पेठेतला. त्यात आठ बिऱ्हाडं होती. पावसाळ्याआधी कौलं शाकारायची वेळ आली की वर्षभराचं सगळं भाडं त्यात जायचं आणि पदरचे वर घालावे लागायचे. बिऱ्हाडांतली माणसं वाईट नव्हती. दिवाळीला फराळाची ताटं इकडून तिकडे जायची. पण कोर्टातल्या तारखाही त्याच माणसांबरोबर चालायच्या.

काकांचा फ्लॅट ही एका घराची गोष्ट झाली. २०११च्या जनगणनेत देशाच्या शहरी भागात सुमारे १ कोटी १० लाख घरं रिकामी सापडली होती, आणि एकट्या मुंबईत जवळपास ४ लाख ८० हजार. ज्या शहरात माणसं दहा बाय दहाच्या खोलीसाठी वणवण करतात, त्याच शहरात. सगळीच घरं भीतीपोटी बंद नसतात. काही गुंतवणूक म्हणून घेतलेली, काही वाटणीच्या भांडणात अडकलेली, काही विकलीच न गेलेली. तरी कुलपामागच्या कारणांत भाडेकरूची भीती बरीच वरची आहे. ती भीती कुठून आली हे समजलं, तर आज घरमालकाला खरोखर कशाची काळजी करायला हवी हेही कळतं. दोन गोष्टी वेगळ्या आहेत, आणि बहुतेक घरमालक चुकीच्या गोष्टीला घाबरतात असं माझं मत आहे.

सुरुवात पहिल्या महायुद्धात होते. बांधकामं थंडावली होती, गिरण्या मात्र जोरात होत्या, आणि कोकणातून, घाटावरून माणसं मुंबईत येतच होती. भाडी भडकली. १९१८ साली सरकारने भाड्यांना पहिला लगाम घातला. त्या कायद्याच्या नावातच ‘युद्धकालीन निर्बंध’ असे शब्द होते. म्हणजे तात्पुरतं काम. दुसऱ्या महायुद्धाने पुन्हा तीच वेळ आणली, आणि १९४७ साली आलेल्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने पुढची पन्नासेक वर्षं मुंबई-पुण्यातल्या घरमालकाचं नशीब ठरवून टाकलं. हाही कायदा मुदतीचाच होता. मुदत संपत आली की वाढवायची, असं करत करत तो पिढ्या ओलांडून गेला.

या कायद्याचा कणा म्हणजे ‘प्रमाण भाडं’. १ सप्टेंबर १९४० या दिवशी जागेला जे भाडं होतं, तेच प्रमाण. ते भाडं देत राहणाऱ्याला काढता येत नाही. काढायचंच तर कायद्यात मोजून दिलेली कारणं हवीत : मालकाला स्वतःला जागेची खरी गरज आहे, भाडेकरूने पोटभाडेकरू ठेवला, जागा विनाकारण सहा महिने बंद ठेवली, वगैरे. भाडेकरू वारला तर त्याच्याबरोबर राहणाऱ्या कुटुंबीयाकडे हक्क जातो.

कायदा मूर्खपणाचा होता असं मुळीच नाही. फाळणीनंतर निर्वासितांचे लोंढे येत होते, गिरणीकामगाराचा पगार तुटपुंजा होता, आणि मालकाला मोकळं सोडलं असतं तर निम्मं गिरगाव-परळ रस्त्यावर आलं असतं. चूक झाली ती घड्याळ थांबवण्यात. सिमेंट, लाकूड, गवंड्याची मजुरी, महापालिकेचे कर, सगळं पुढे गेलं आणि भाडं १९४० सालातच राहिलं. महिन्याला वीस-पंचवीस रुपये देणारी खोली दुरुस्त करायला मालक कशाला जाईल? त्याने दुरुस्ती सोडली. भाडेकरूनेही सोडली, कारण इमारत त्याची नव्हती. जिने खचले, गॅलऱ्यांना टेकू लागले, पावसाळ्यात इमारती पडायला लागल्या. शेवटी १९६९ साली सरकारने मुंबई बेटावरच्या जुन्या इमारतींच्या दुरुस्तीसाठी वेगळं मंडळच काढलं आणि त्यासाठी उपकर बसवला. त्या वेळी अशा उपकरप्राप्त इमारती होत्या १९,६४२. पुढे हे मंडळ म्हाडात विलीन झालं.

भाडं वाढवता येत नसलं तरी माणूस वाट काढतोच. त्या वाटेचं नाव पागडी. नवा भाडेकरू घेताना मालकाने एकरकमी पैसे घ्यायचे, पावतीवर मात्र तेच जुनं भाडं. जुना भाडेकरू जागा सोडून दुसऱ्याला देणार असेल तर आलेल्या रकमेतला साधारण तिसरा हिस्सा मालकाला, बाकी भाडेकरूला. सगळं काळ्यात, सगळं तोंडी, आणि सगळ्यांना ठाऊक. कायद्याच्या पुस्तकात गुन्हा आणि दलालाच्या वहीत रोजचा व्यवहार, अशी ही व्यवस्था अर्धशतकभर टिकली.

काही मालकांनी आणखी एक पळवाट शोधली होती. कायदा ‘भाडेकरू’ला संरक्षण देतो ना? मग समोरच्याला भाडेकरू म्हणायचंच नाही. १८८२च्या सुविधाधिकार कायद्यात ‘परवाना’ अशी एक कल्पना आहे : दुसऱ्याच्या जागेत काही करायची नुसती परवानगी. जागेत हक्क काहीच निर्माण होत नाही. तेव्हा करार करायचा तो भाडेपट्ट्याचा न करता ‘लिव्ह अँड लायसन्स’चा. घर माझं, ताबा माझा, तुम्हाला फक्त राहायची परवानगी. सर्वोच्च न्यायालयाने १९५९ साली एका हॉटेलातल्या जागेच्या खटल्यात सांगितलं होतं की कागदाला नाव काय दिलंय याला महत्त्व नाही, व्यवहार मुळात काय आहे ते बघायचं. तरीही मुंबईत अशी हजारो लायसन्सं दिली गेली.

आणि मग १९७३ साल आलं. कायद्यात दुरुस्ती झाली : १ फेब्रुवारी १९७३ या दिवशी जे लोक चालू परवान्यावर जागेत राहत आहेत, ते सगळे भाडेकरू मानले जातील. कायदा करणाऱ्यांचा हेतू पळवाट बुजवण्याचा होता. परिणाम असा झाला की बदलीच्या काळात, मुलाच्या लग्नापर्यंत, वर्ष-सहा महिन्यांसाठी म्हणून ज्यांनी घर दिलं होतं, त्यांचं घर कायमचं अडकलं. कागदावर सही करताना असलेला नियम नंतर बदलला आणि मागच्या व्यवहारालाही लागू झाला, हे त्या पिढीच्या मनात कोरलं गेलं. काकांच्या ‘एकदा आत शिरला की’ या वाक्यात हे सगळं आहे. त्यांना कलमाचा आकडा सांगता येणार नाही, पण वर्ष अचूक आठवतं.

पुढचा काळ मालकाच्या बाजूने हळूहळू झुकत गेला, आणि हे बहुतेकांच्या कानावर नीट आलंच नाही. १९८७ साली दुरुस्ती होऊन परवान्याची मुदत संपल्यावर जागा लवकर परत मिळवण्याची वेगळी सोय झाली. डिसेंबर १९९७मध्ये मालपे विश्वनाथ आचार्य खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने प्रमाण भाड्याची तरतूद काळाच्या ओघात अन्यायकारक झाल्याचं सांगितलं. कायद्याची मुदत मार्च १९९८ला संपतच होती आणि नवा कायदा येऊ घातला होता, म्हणून ती तरतूद तेवढी रद्द केली नाही. नवा महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा १९९९चा, अंमल ३१ मार्च २०००पासून. त्याने जुन्या भाडेकरूंचं संरक्षण कायम ठेवलं, भाड्यात वर्षाला ४ टक्के वाढ दिली आणि पागडीला उजळ माथ्याने वावरू दिलं. बँका, सरकारी उपक्रम आणि १ कोटी किंवा त्याहून जास्त भरणा झालेल्या भांडवलाच्या कंपन्या मात्र संरक्षणातून बाहेर काढल्या. मोठ्या बँकेला १९४०च्या भाड्याची सवलत कशासाठी, हा प्रश्न खरं तर खूप आधी विचारायला हवा होता.

जुन्या चाळींचा प्रश्न अजून धगधगतोच आहे. १९८६ साली म्हाडा कायद्यात एक प्रकरण घालण्यात आलं : उपकरप्राप्त इमारतीतले ७० टक्के भाडेकरू एकत्र आले तर सरकार इमारत ताब्यात घेऊन त्यांच्या संस्थेला देऊ शकतं आणि मालकाला मिळतं मासिक भाड्याच्या शंभरपट. खोलीचं भाडं पन्नास रुपये असेल तर हिशेबाला येतात पाच हजार, दक्षिण मुंबईत. प्रॉपर्टी ओनर्स असोसिएशन याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेली १९९२ साली, आणि नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने निकाल दिला ५ नोव्हेंबर २०२४ रोजी. प्रत्येक खासगी मालमत्ता ही घटनेच्या कलम ३९ (ब)मधली ‘समाजाची भौतिक साधनसंपत्ती’ होत नाही, असं बहुमताने ठरलं. या निकालाला बत्तीस वर्षं लागली, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

पण कर्वेनगरातल्या टू बीएचकेचा या साऱ्याशी आज काडीचा संबंध नाही. आज घर भाड्याने देणारा जवळजवळ प्रत्येक जण लिव्ह अँड लायसन्सच करतो, आणि १९९९च्या कायद्याचं कलम २४ त्याच्यासाठीच आहे. मुदत संपली की परवानाधारकाने जागा सोडायची. नाही सोडली तर पुढच्या काळासाठी ठरलेल्या रकमेच्या दुप्पट नुकसानभरपाई. दावा दिवाणी कोर्टात न जाता ‘सक्षम प्राधिकाऱ्या’कडे जातो. समोरच्याला बचाव करायचा तर समन्स मिळाल्यापासून तीस दिवसांत शपथपत्र देऊन आधी परवानगी मागावी लागते. आणि लेखी करारात जे लिहिलंय ते निर्णायक पुरावा धरलं जातं. म्हणजे ‘आम्ही नावालाच लायसन्सी, खरे तर भाडेकरू’ हा जुना युक्तिवाद दारातच अडतो.

गंमत म्हणजे या करारात भाडं हा शब्द नसतो, भाडेकरू हाही नसतो. परवाना देणारा आणि परवाना घेणारा, मोबदला, अनामत. बोलताना आपण सगळे ‘भाडेकरू’च म्हणतो, आणि मीही या लेखात तेच करणार आहे, घरातल्या बाईला ‘लायसन्सी वहिनी’ म्हणून कोण हाक मारणार?

या करारांभोवती दोन समजुती फार घट्ट आहेत. पहिली, अकरा महिन्यांची. अकराच का? तर १९०८च्या नोंदणी कायद्यानुसार एक वर्षापेक्षा जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची आहे; ती टाळायला अकरा महिने. देशाच्या इतर भागांत ही युक्ती चालते. महाराष्ट्रात ती गेली पंचवीस वर्षं निरर्थक आहे, कारण इथल्या कायद्याचं कलम ५५ सांगतं की मुदत कितीही असो, करार लेखी हवा आणि नोंदलेला हवा. तरी आपण अकरा, बावीस, तेहतीस असे पाढे म्हणतोच. कुणाला छत्तीस महिन्यांचा करार हवा असेल तर खुशाल करावा.

दुसरी समजूत बारा वर्षांची : ‘बारा वर्षं राहिला की घर त्याचं.’ मुदतीच्या कायद्यात बारा वर्षांचा आकडा आहे खरा, पण तो मालकाचा हक्क नाकारून, उघडपणे, त्याच्या विरोधात जागा बळकावून बसलेल्यासाठी. जो तुमच्या परवानगीने आत आला आणि तुम्हाला पैसे देतो, त्याला नुसत्या वर्षांच्या बेरजेवर मालकी मिळत नाही. भाडेकरूला मालकाची मालकीच नाकारता येत नाही, हे पुराव्याच्या कायद्याचं जुनं तत्त्व आहे.

आता जिथे खरोखर घाबरायला हवं तिथे येऊ. कलम ५५मध्येच पुढे म्हटलंय की नोंदणीची जबाबदारी घरमालकाची. ती चुकवली तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड. पण खरा फटका वेगळाच आहे. लेखी नोंदलेला करार नसेल तर अटींबाबत भाडेकरू जे सांगेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरं धरलं जातं. तो म्हणाला ‘भाडं दहा हजार ठरलं होतं’, तर पंधरा होतं हे दाखवायची जबाबदारी तुमची. शंभर-पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर नोटरीचा शिक्का मारून समाधानी राहणारे मालक कलम २४चं सगळं कवच स्वतःच्या हाताने उतरवून ठेवतात. कशासाठी? मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या पाव टक्का आहे, अनामतीवर वर्षाला १० टक्के व्याज धरून ते त्यात मिळवायचं. पंचवीस हजार भाडं, एक लाख डिपॉझिट, अकरा महिने असा हिशेब केला तर सातशे रुपयांच्या आसपास. शहरात नोंदणी फी एक हजार. आणि आता घरबसल्या, आधार आणि अंगठ्यावर, एजंटचा माणूस छोटं यंत्र घेऊन येतो तेव्हा काम होतं. लाखोंच्या घरासाठी दोन हजार वाचवणारा माणूस रिक्षावाल्याशी पाच रुपयांवरून भांडतो तोच.

त्याहून जास्त दिसणारी चूक म्हणजे नूतनीकरण विसरणं. पहिला करार नीट होतो. माणसं चांगली निघतात, भाडं एक तारखेला येतं, मुदत संपते आणि कुणाच्या लक्षात येत नाही. ‘चाललंय की छान.’ दोन वर्षांनी काहीतरी बिनसतं तेव्हा हातात मुदत संपलेला कागद असतो आणि त्यानंतर चोवीस महिने स्वीकारलेलं भाडं. भांडण नेमकं या फटीत शिरतं. मोबाइलमध्ये मुलाच्या शाळेच्या फीची आठवण लावतो तशी कराराचीही लावावी, मुदत संपायच्या दोन महिने आधीची.

कायदा जलद आहे, प्रत्यक्ष प्रक्रिया तितकी नाही. अर्ज, समन्स, तारखा, मग आदेश, मग अंमलबजावणी. यात महिने जातात आणि कधी वर्षही उलटतं. तेवढ्यात मालकाचा संयम सुटतो. मग तो महावितरणच्या मीटरचं बटण पाडतो, पाण्याचा कॉक बंद करतो, भाडेकरू गावी गेला असताना कुलूप बदलतो. याइतकी महाग चूक नाही. अत्यावश्यक सोयी तोडायला कायद्याची मनाई आहे. काल तक्रारदार असलेला मालक आज पोलीस ठाण्यात आरोपीच्या बाकावर बसतो. भाडं थकल्यावर पहिल्या महिन्यात फोन, दुसऱ्यात वकिलाची नोटीस, एवढी शिस्त पाळली तर बहुतेक प्रकरणं डिपॉझिट संपायच्या आत मिटतात. त्यासाठी भाडं थकलं तर करार संपवता येईल, असं कलम करारात आधीच हवं, आणि डिपॉझिट दोन-तीन महिन्यांच्या भाड्याइतकं तरी हवं.

मुंबईत ‘हेवी डिपॉझिट’ नावाचा आणखी एक प्रकार चालतो. दहा-पंधरा लाख एकरकमी द्यायचे, भाडं शून्य किंवा नाममात्र, सोडताना पूर्ण रक्कम परत. मालकाला वाटतं बिनव्याजी पैसे मिळाले. तो त्यात मुलीचं लग्न करतो किंवा दुकानात माल भरतो. सोडायची तारीख आली की परत द्यायला पैसे नसतात, आणि भाडेकरू पैसे मिळाल्याशिवाय हलत नाही. त्याचंही काही चुकत नाही. मग मालक दुसरा भाडेकरू शोधतो, त्याच्या डिपॉझिटमधून पहिल्याचं भागवायला.

पुण्यात दुखणं निराळं. कॉलेजच्या आसपास फ्लॅट एका मुलाला दिला जातो, करारात त्याचंच नाव असतं, आणि तिसऱ्या महिन्यात आत सहा कॉट असतात. कॉट बेसिसवर पोटभाडेकरू ठेवून तो मुलगा स्वतः फुकट राहतो. सोसायटीचा सेक्रेटरी मालकाला फोन करतो, मालक मुलाला, मुलगा म्हणतो ‘मित्र आलेत परीक्षेला’. इलाज साधा आहे. राहणाऱ्या प्रत्येकाचं नाव करारात घालायचं आणि घर बघायला यायचा हक्क लिहून ठेवायचा. लायसन्समध्ये ताबा मालकाचाच असतो म्हणून दुसरी चावी स्वतःकडे ठेवायचीही पद्धत आहे. पण ती चावी न सांगता वापरणारा मालक मी बघितलाय. मुली राहत होत्या त्या घरात. त्याला पुढे बरेच दिवस भाडेकरू मिळाला नाही, आणि ते बरंच झालं.

सोसायटी हा मालकाच्या डोकेदुखीचा स्वतंत्र कप्पा. ‘बॅचलर नकोत’, ‘अमक्या धर्माचे नकोत’, ‘नॉनव्हेज नको’ असले ठराव वार्षिक सभेत टाळ्यांनी मंजूर होतात. आदर्श उपविधींप्रमाणे सदस्याने लिव्ह अँड लायसन्सवर घर देताना सोसायटीला आगाऊ लेखी कळवायचं आणि कराराची प्रत द्यायची एवढंच आहे. परवानगीसाठी हात जोडायचे नाहीत. मालक राहत नसल्याबद्दल सोसायटी बिनभोगवटा शुल्क घेऊ शकते, पण ऑगस्ट २००१च्या सरकारी आदेशाने त्याची मर्यादा सेवाशुल्काच्या १० टक्क्यांवर बांधली आहे. काही सोसायट्या तरीही ‘भाडेकरू शुल्क’ असं नवं नाव देऊन दुप्पट वसूल करतात. बिल आलं की बारकाईने वाचावं.

पोलिसांना कळवणं हेही असंच गैरसमजाचं ठिकाण. पोलीस आयुक्तालयांच्या हद्दीत भाडेकरूची माहिती ठाण्याला द्यावी असे आदेश निघतात. ते मोडणं हा गुन्हा आहे, पूर्वी दंड संहितेच्या कलम १८८खाली, आता न्याय संहितेच्या २२३खाली. माहिती दिली याचा अर्थ पोलिसांनी माणसाची हमी घेतली असा होत नाही. ती हमी मालकाने स्वतःच मिळवायची असते : जिथे नोकरी करतो तिथे एक फोन, आधीच्या घरमालकाला एक फोन. हा दुसरा फोन जवळजवळ कुणी करत नाही.

आता पैशांचं. समजा फ्लॅटची आजची किंमत नव्वद लाख आणि भाडं पंचवीस हजार. वर्षाचे तीन लाख, म्हणजे तीन टक्क्यांच्या थोडं वर. एक महिना घर रिकामं गेलं, पावणेतीन लाख उरले. मेंटेनन्स छत्तीस हजार, मालमत्ता कर अठरा हजार, रंग-नळ-गीझर यांचे सरासरी वीस हजार, एजंटचे बारा-तेरा हजार. हातात येतात एक लाख नव्वद हजारांच्या आत-बाहेर. दोन टक्के. बँकेतल्या मुदतठेवीने यापेक्षा कितीतरी जास्त दिलं असतं, आणि तिथे गीझर बिघडत नाही. पुण्यात आणखी एक बारीक टोचणी आहे : महापालिका राहत्या घराला १९७०पासून करपात्र रकमेत ४० टक्के सवलत देते, मध्यंतरी ती बंद झाली आणि २०२३ साली पुन्हा सुरू झाली, पण ती स्वतः राहणाऱ्याला. घर भाड्याने दिलं की गेली. प्राप्तिकरात तेवढा दिलासा आहे, मालमत्ता कर वजा जाता उरलेल्या भाड्यातून ३० टक्के सरसकट वजावट मिळते. खर्च शून्य झाला तरी तेवढीच, आणि छत गळून लाखभर गेले तरी तेवढीच.

मुलगा अमेरिकेत आणि घर त्याच्या नावावर असेल तर आणखी एक गाठ पडते. अनिवासी मालकाला भाडं देताना भाडेकरूनेच ३० टक्क्यांहून थोडा जास्त कर कापून सरकारकडे भरायचा असतो, रक्कम कितीही लहान असो. बहुतेक भाडेकरूंना हे माहीत नसतं, मालकाचे आई-वडील ते सांगत नाहीत, आणि नोटीस येते तेव्हा तिघेही एकमेकांकडे बघतात. मुखत्यारपत्र वडिलांच्या नावे केलं म्हणजे उत्पन्न वडिलांचं होत नाही.

इतकं सगळं असूनही घरमालकांच्या गप्पांत सर्वांत जास्त वेळ जातो तो ओलीवर आणि डिपॉझिटवर. भिंतीला ओल आली. वरच्या मजल्याचा नळ गळतोय की बाहेरची भिंत झिरपतेय? वरचा म्हणतो माझं बाथरूम कोरडं आहे, सोसायटी म्हणते हे दोन सदस्यांचं आपसातलं, भाडेकरू फोटो पाठवत राहतो, आणि मालक नाशकात बसून प्लंबर शोधतो. हे कुठल्याही कायद्याने सुटत नाही. जवळपास राहणारं, विश्वासाचं, प्लंबर ओळखणारं एक माणूस लागतं.

डिपॉझिटचं भांडण मात्र जवळजवळ पूर्ण टाळता येतं. सोडताना मालकाला प्रत्येक खिळ्याचं भोक दिसतं आणि भाडेकरूला ते आधीपासून होतं असं आठवतं. दोघंही खोटं बोलत नसतात. तीन वर्षांत भिंत कशी होती हे कुणालाच आठवत नाही. वापराने होणारी झीज मालकाची, मोडतोड भाडेकरूची, हे तत्त्व सगळ्यांना मान्य असतं, पण ओट्यावरचा तडा झीज की मोडतोड हे ठरवायला पुरावा लागतो. चावी देताना प्रत्येक खोलीचा दोन मिनिटांचा व्हिडिओ, मीटरचा फोटो, पंखे-गीझर-गॅसची यादी आणि त्यावर दोघांच्या सह्या. रंगाचे पैसे कापायचे असतील तर किती, ते करारातच. एवढ्याने निम्मं भांडण जन्माला येत नाही.

काकांनी शेवटी गेल्या वर्षी फ्लॅट दिला. मुलाने परदेशातून रेटा लावला, मी कराराचा मसुदा वाचून दाखवला. १९७३चं काय, हे त्यांनी तीनदा विचारलं. भाडेकरू मिळालं एक तरुण जोडपं, हिंजवडीला नोकरी करणारं. एजंटचा माणूस यंत्र घेऊन आला तेव्हा काकांचा अंगठा वयामुळे उमटेना. चौथ्या खेपेला उमटला. घराचा व्हिडिओ त्यांनी स्वतः काढला, त्यात अर्धा वेळ त्यांचंच बोट दिसतं.

पुढच्या रविवारी सकाळी ते सवयीने कर्वेनगरला गेले. दुसरी चावी खिशात होती, ती न काढता बेल वाजवली. मुलीने दार उघडलं, चहा टाकला आणि थोडं चाचरत विचारलं, “काका, मागच्या बाथरूममधून वास येतो हो. आम्ही ते वापरत नाही.”

काका म्हणाले, “जाळीत तांब्याभर पाणी ओतायचं. दर रविवारी.”